उचल, पाकीट आणि नव्वद दिवस

मी नाटकात आणि मालिकांत काम करते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न, "एका एपिसोडचे किती देतात?" त्यानंतरचा, "रडताना ग्लिसरीन लावता का?" पैसे कधी देतात, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि भाड्याची खोली कुठे घ्यायची, कुठलं काम धरायचं, दाढेचं रूट कॅनल या महिन्यात करायचं की दिवाळीनंतर, हे सगळं गेली दहा-बारा वर्षं त्या एका गोष्टीवर ठरत आलंय.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्या गावात, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. शाळेत आम्हाला गोष्ट इथपर्यंतच सांगायचे. पुढचं मी फार नंतर वाचलं. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता तोवर निभलं; १८५१ मध्ये राजेसाहेब गेले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं, मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले. नटाच्या पोटाचं कोण बघणार ही कटकट आपल्या रंगभूमीला दहा वर्षांची व्हायच्या आतच चिकटली होती तर.

माझ्या लहानपणीच्या सांगलीत नाटकावर पोट भरणारं कुणी माझ्या पाहण्यात नव्हतं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे काका-मावश्या बँकेत, एलआयसीत, जिल्हा परिषदेत. तालीम रात्री आठला, कारण त्याआधी कुणी मोकळंच नसायचं. नाटकासाठी वर्गणी काढायची, वेळेला पदरचे घालायचे, आणि स्पर्धेत नंबर आला तर त्या पैशांत सगळ्यांनी जेवायला जायचं. त्यामुळे मी नाट्यशास्त्रात एम. ए. करणार म्हटल्यावर बाबांनी विरोध केला नाही, फक्त विचारलं, "आणि नोकरी कसली?" मी म्हटलं, नट. ते म्हणाले, "ती नोकरी नव्हे."

विद्यापीठातली दोन वर्षं खरंच चांगली गेली. आवाज, शरीर, रससिद्धान्त, स्तानिस्लाव्हस्की, प्रकाशयोजना, नेपथ्याचं गणित, सगळं शिकले. पहाटे उठून ओंकार आणि व्यंजनांची घोकंपट्टी केली, तिच्यावर माझा आवाज अजून टिकून आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची परीक्षाही दिली होती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, वर शिष्यवृत्ती, पण सबंध देशातून काही मोजक्याच जागा. शेवटच्या कार्यशाळेपर्यंत पोचले, यादीत नाव आलं नाही. अंधेरीतले तीन महिन्यांचे अभिनयाचे वर्ग हा तिसरा मार्ग होता, पण त्यांची फी ऐकूनच मी फोन ठेवला होता. करारपत्र कसं वाचायचं, बिल कसं करायचं, टीडीएस म्हणजे काय, यातलं मात्र दोन वर्षांत कुणी काही बोललं नाही. शिक्षकांचाही दोष नाही म्हणा. त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार होता.

मुंबईत पहिलं व्यावसायिक नाटक मिळालं ते रिप्लेसमेंट म्हणून. मूळ नटीला मालिका मिळाली आणि तिच्या तारखा जुळेनात. या प्रकारातलं शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. संहिता हातात ठेवतात, प्रयोगाचं फोनवर काढलेलं चित्रीकरण पाठवतात, आणि तुम्ही काही प्रयोग विंगेत उभं राहून बघता. आधीची नटी कुठे श्वास घेते, कुठल्या वाक्याला हशा येतो, हशा आल्यावर किती थांबायचं, ट्रे डाव्या हातात का धरायचा (उजवीकडचं दार बाहेर उघडतं म्हणून), सगळं टिपायचं. मग दोन-तीन तालमी. त्यातल्या एकीला नायक नसतो, म्हणून व्यवस्थापक त्याची वाक्यं वाचतो, तीही सगळी एका सुरात. आणि मग थेट तिसरी घंटा.

तालमीचे पैसे नसतात. चहा आणि वडापाव असतो. प्रयोगाचे मिळतात, त्याला नाईट म्हणतात, प्रयोग दुपारी चारचा असला तरी. माझी पहिली नाईट ७०० रुपये होती. मध्यंतरात व्यवस्थापक काका मेकअपरूममध्ये यायचे, काखेत रेक्झिनची बॅग, आणि प्रत्येकाच्या हातात पांढरं पाकीट ठेवायचे, वर बॉलपेनने नाव. वहीत सही करायची. नंतर काही निर्मात्यांनी थेट खात्यावर पाठवायला सुरुवात केली, पण त्यालाही आम्ही पाकीटच म्हणतो. दुसऱ्या अंकात शिरताना कामाचे पैसे पर्समध्ये असतात. या पद्धतीची किंमत मला तेव्हा कळत नव्हती.

पाकिटाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाटक चालतं शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांना. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, कल्याणचं अत्रे, पुण्यात बालगंधर्व आणि कोथरूड, सगळीकडे तारखा आधी वाटून होतात आणि चांगल्या वेळा मोठ्या नावांकडे जातात. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की बुकिंग बसतं, क्रिकेटच्या अंतिम सामन्याला बसतं, निवडणुकीत तर नाट्यगृहंच सभांना जातात. महिन्याला आठ-दहा प्रयोग म्हणजे बरं चाललेलं नाटक. डोंबिवलीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं, साडेचार हजार भाडं भरल्यावर त्यातून काय उरायचं ते उरायचं. आणि बुकिंग अगदीच पडलं की काका पाकीट न आणता नुसते यायचे आणि म्हणायचे, "आज जरा सांभाळून घ्या." नाट्यगृहाचं भाडं, बस, वर्तमानपत्रातली जाहिरात, बॅकस्टेजवाल्यांची मजुरी हे सगळं त्या दिवशीच भागवावं लागतं, सांभाळून घ्यायला उरतो तो नट. पण निदान त्या रात्रीच कळायचं की आज नाही.

दौऱ्यांबद्दल लोक फार रम्य लिहितात. मला आठवतं ते बसचं. पुढच्या सीट मोठ्या नटांच्या, मधल्या आमच्या, मागे बॅकस्टेजची मुलं सेटच्या लेव्हल्स आणि फ्लॅट्सच्या शेजारी झोपलेली. नागपूर करून परतीत अकोला, मग जळगाव. मुलं आमच्या आधी उतरून सेट लावतात आणि आमच्यानंतर सेट काढून चढतात, त्यामुळे त्यांची झोप बसच्या चाकांवरच. त्यांची नाईट आमच्यापेक्षा कमी. बायकांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न स्वच्छतागृहाचा. काही गावांत मेकअपरूमच्या संडासाला कडी नसते, काही ठिकाणी पाणी नसतं. म्हणून आम्ही दुपारपासून पाणी पिणं कमी करतो आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन डॉक्टरकडे जातो. दौऱ्यात हे दुखणं इतकं नेहमीचं की एकीच्या पर्समध्ये औषध नसेल तर दुसरीच्या असतंच.

मालिका मिळाली ती २०१९ च्या उन्हाळ्यात. तोवर ऑडिशन देणं अंगवळणी पडलं होतं: नाव, उंची, वय, डावी बाजू, उजवी बाजू, हात दाखवा, मग दोन पानांचा सीन. समोर संवाद देणारा सहायक दिग्दर्शक दिवसभरात चाळिसाव्या मुलीला तेच वाक्य देत असतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत काही शोधू नये. निवड झाली की 'शॉर्टलिस्ट' म्हणतात, मग लुक टेस्ट, मग वाहिनीची पसंती, मग 'लॉक'. मधे आठवडेच्या आठवडे शांतता. ऑडिशनचे अर्थातच पैसे नसतात, डोंबिवली ते अंधेरी येणंजाणं आपलं, भाड्याने आणलेली साडीही आपली.

भूमिका होती नायिकेच्या सासूच्या धाकट्या जावेची. दिवसाला २,५०० रुपये. करार इंग्रजीत, लहान अक्षरांत, बरीच पानं. तो ज्या मुलाने आणला तो म्हणाला, "ताई, सगळ्यांचा हाच असतो, फक्त शेवटी सही." मी वाचायला बसले तर तो घड्याळ बघायला लागला. पैशांच्या कलमात लिहिलं होतं, ज्या महिन्यात काम केलं त्याचं बिल महिनाअखेर, आणि बिलापासून नव्वद दिवसांनी पैसे. मी विचारलं, म्हणजे एप्रिलच्या कामाचे? "जुलैअखेर," तो म्हणाला. अगदी सहज.

पुढचं गणित असं. महिन्यात साधारण पंधरा दिवस काम लागायचं. साडेसदतीस हजार. त्यातून १० टक्के टीडीएस, ३,७५०. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचे १५ टक्के, ५,६२५. हातात २८,१२५, आणि तेही तीन-साडेतीन महिन्यांनी. कापलेला कर परत मिळतो, पण पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर. म्हणजे ७०० च्या पाकिटाच्या मानाने मी श्रीमंत झाले होते, आणि पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे रिक्षाला पैसे नव्हते. ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका बंगल्यात चित्रीकरण, सकाळी सातचा कॉल. डोंबिवलीहून पहाटे निघायचं, मेकअप, केस, नऊवारी. बारा तासांची शिफ्ट कागदावर. पॅकअप होऊन दागिने उतरवून गेटबाहेर यायला साडेआठ-नऊ. मालिकेच्या तारखांमुळे शनिवारचे प्रयोग सुटले, म्हणजे पाकीटही बंद. शेवटी आईच्या पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. त्याचं व्याज मी दर महिन्याला भरत होते. प्रॉडक्शन हाऊसला मी तीन महिने बिनव्याजी पैसे वापरायला देत होते, आणि ते द्यायला जमावं म्हणून स्वतः व्याजाने काढत होते. त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात पैठणी नेसून बसलेल्या आम्ही सगळ्या जणी त्या कंपनीच्या सावकार होतो म्हणा ना, फक्त वसुलीची धमक नसलेल्या.

याचं कारणही कळलं. वाहिनी निर्मात्याला उशिरा देते, निर्माता पुढे ढकलतो. सेटवरचे दिवसाच्या बोलीचे कामगार थांबू शकत नाहीत, लाइट आणि कॅमेरा भाड्याने देणारे आधी मागतात, बंगल्याचा मालक तर आगाऊच घेतो. साखळीत सगळ्यात जास्त थांबू शकतो असं गृहीत धरलेला माणूस म्हणजे नट. का, तर तो टीव्हीवर दिसतो.

कामाचं शिक्षण मात्र तिथेच झालं, आणि मी विद्यापीठात शिकले त्यापेक्षा अगदी वेगळं. सीनमध्ये चौदा माणसं, बोलतात तिघं. बाकीच्यांनी चेहरे करायचे. दिग्दर्शक ओळीने सगळ्यांच्या प्रतिक्रिया घेऊन ठेवतो: "एक धक्का. एक राग. आता हिच्याकडे बघून संशय. होल्ड." जिच्याकडे बघायचं ती तिथे नसते, तिच्या जागी भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा असतो. सुरुवातीला मी दर धक्क्यामागे कारण शोधायचे. कॅमेरा अटेंडंट दादा एकदा कानाशी येऊन म्हणाले, "ताई, फ्रेम एवढीच आहे," आणि हाताने छातीपर्यंत माप दाखवलं. "हात खाली काय करतायत ते कुणाला दिसत नाही. डोळे तेवढे जपा." त्या एका वाक्यावर माझं काम सुधारलं. जमिनीवर आखलेल्या मार्कवर खाली न बघता थांबणं, दुसरीचा प्रकाश न अडवणं, अर्ध्या तासापूर्वी फोनवर आलेला सीन पाठ करणं, ध्वनिमुद्रणासाठी पंखे बंद असताना नऊवारीत घाम न येऊ देणं (हे कुणालाच जमत नाही, टिश्यू पेपर जमतो), सगळं हेअरताईंकडून, मेकअपदादांकडून, स्पॉटदादांकडून शिकले. त्यांच्यापैकी कुणाच्या नावापुढे गुरू लिहीत नाहीत.

सेटवर घरातली म्हातारी करायला आक्का होत्या. वय पासष्टच्या पुढे, सगळी हयात तमाशाच्या फडात. पडद्यावर तीन वाक्यं असली तरी त्या ती अशा टाकायच्या की लाइटवाले हसायचे. जेवणाच्या सुट्टीत मी नव्वद दिवसांचं रडगाणं लावलं तेव्हा म्हणाल्या, "आमचं उलटं असतंय बाय. आदी पैसं, मग काम."

मग उचल काय असते ते त्यांनी सांगितलं. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला मिटतो. पावसाळ्यात खायला नाही, म्हणून फडमालकाकडून उचल घ्यायची, आणि पुढच्या हंगामात नाचून-गाऊन फेडायची. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, ती मालकाची कमाई. त्यातून कलावंतांचा हिशेब. मुलीचं लग्न निघालं की उचल, आजारपण आलं की उचल. फड बदलायचा तर नव्या मालकाने जुन्याची बाकी भागवायची, तोवर पाऊल बाहेर टाकता येत नाही. "मंग फिटायची कदी?" मी विचारलं. आक्का पानाला चुना लावत म्हणाल्या, "फिटली तर माणूस जाईल की निघून."

मला तोवर वाटायचं की पैसे आधी मिळणं म्हणजे चैन. आक्कांच्या बोलण्यावरून दिसलं की आधी दिले तर माणूस बांधून ठेवता येतो आणि नंतर दिले तरी बांधून ठेवता येतो. मालिका मधेच सोडावी म्हटलं तरी माझेही तीन महिन्यांचे पैसे अडकलेले असायचे. माझ्या शेजारच्या मेकअपरूममधली मुलगी एका सहायकाच्या वागण्याला कंटाळली होती, तरी याच हिशेबाने टिकून राहिली. तक्रार समितीचा कागद भिंतीवर लावलेला होता. त्यावर नावं होती, फोन नंबरच्या जागी रेघा होत्या.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा ही उधारी सगळ्यांनाच एकदम दिसली. आमचे डिसेंबरच्या कामाचे पैसे मार्चअखेर यायचे होते, जानेवारी ते मार्चचे त्याच्या मागे रांगेत. काम बंद, आणि केलेल्या कामाचेही पैसे नाहीत. कलाकारांच्या बाजूने तेव्हा मागणी झाली की नव्वदचे तीस दिवस करा. जूनअखेर चित्रीकरणं सुरू झाली, पण शासनाच्या नियमावलीत ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. आक्का घरी. मालिकेत म्हातारी 'तीर्थयात्रेला' गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, तोवर आमच्या लेखकांनी म्हातारीशिवाय घर चालवायला शिकून घेतलं होतं आणि आक्कांना परत बोलावणं आलं नाही. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी जत्रा झाल्या नाहीत, म्हणजे फडांना सुपाऱ्या नाहीत. त्यांच्या भाचीच्या डोक्यावर मालकाची उचल तशीच होती. नाट्यगृहं ५ नोव्हेंबर २०२० ला, रंगभूमी दिनाचा मुहूर्त साधून, निम्म्या खुर्च्यांवर उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. मालिका तेव्हा गोव्याला, सिल्वासाला, हैदराबादला पळाल्या. आमचं युनिटही गोव्यात एका हॉटेलात डांबलं गेलं, आणि मेच्या सुरुवातीला गोव्यानेही चित्रीकरणाची परवानगी काढून घेतली. माझा ट्रॅक तिथेच संपला. धाकटी जाऊ माहेरी गेली, ती आजतागायत माहेरीच आहे.

त्यानंतर वर्षभर मी थकलेल्या पैशांच्या मागे होते. कंपनी आधी फोन उचलायची, मग उचलेना. मी कलाकारांच्या संघटनेत अर्ज केला. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते कागद काय आहेत. करारपत्राची प्रत, प्रत्येक महिन्याचं बिल, बिल पोचल्याचा ईमेल, आणि हजेरी. शेवटची गोष्ट मोलाची. सेटवर इन-आउट रजिस्टर असतं, त्यात आल्याची-गेल्याची वेळ लिहून सही करतात. त्या पानाचा रोज फोटो काढायची मला सवय होती, मूळ उद्देश जादा तासांचे पैसे मागण्याचा (ते कधीच मिळाले नाहीत). त्या फोटोंवर दिवस सिद्ध झाले. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांना कंपनीने सांगितलं की तुमचे इतके दिवस झालेच नव्हते. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं गेलं आणि माझी रक्कम हप्त्यांनी आली, शेवटचा महिना सोडून. तो मी सोडला. तोवर पाटल्या सुटल्या होत्या.

करार तेव्हा पहिल्यांदा शांतपणे वाचला. माझं काम जगभरात, सध्याच्या आणि पुढे शोध लागतील त्या सगळ्या माध्यमांत, कायमचं त्यांच्या मालकीचं. मालिका दुपारी पुन्हा दाखवली, मोबाइलवर टाकली, दुसऱ्या भाषेत डब केली, तरी मला काही नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलावंताच्या रॉयल्टीची तरतूद आहे, पण माझ्या ओळखीत मालिकेतल्या एकाही नटाला पुनःप्रक्षेपणाचा रुपया मिळालेला नाही. अमेरिकेतल्या नटांना तो मिळतो, आणि स्ट्रीमिंगच्या जमान्यात तो आटत चालला म्हणून २०२३ मध्ये ते ११८ दिवस संपावर होते. आमच्यात एक दिवस जरी कुणी बसलं, तरी दुसऱ्या दिवशी नव्या जावेचा लुक टेस्ट. लेखी कराराची सक्ती करणारा सिनेकामगारांचा १९८१ चा कायदा कथापटांपुरता होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 'दृक्‌श्राव्य कामगार' म्हणून मालिकांतले नटही आले. कागदावर मी कामगार झाले याचा मला आनंद आहे. बाबांना फोन करून सांगितलंही. ते म्हणाले, "मग पीएफ कापतात का?"

बँकेचंही तेच. घरासाठी कर्ज मागायला गेले तर पगारपत्रक मागितलं. मी तीन वर्षांची रिटर्न्स दिली. ऑफिसर आईच्या वयाच्या, मला मालिकेवरून ओळखलं, चहा पाजला, फोटो काढला आणि कर्ज नाकारलं.

आता मी काम घेताना काही गोष्टी बोलून घेते. महिन्याला किमान किती दिवस लावणार ते आकड्यात लिहा. रात्री नऊनंतर पॅकअप झालं तर घरापर्यंत ड्रॉप. महिन्यातले दोन रविवार नाटकाला सोडायचे. कोऑर्डिनेटरचं कमिशन माझ्या खात्यात पैसे आल्यावर, आधी नाही. आणि पैसे पंचेचाळीस दिवसांत. या शेवटच्या मागणीला समोरचा माणूस नेहमी हसतो. गेल्या मालिकेच्या वेळी बरीच घासाघीस होऊन साठवर आलो, आणि त्यांनी नव्वदचा आकडा खोडून हाताने साठ लिहिलं, बाजूला दोघांच्या सह्या. पहिल्या महिन्याचे पैसे सत्तराव्या दिवशी आले. मी फोन केला तर हिशेबनीस म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांचे अजून निघायचेत, तुम्ही कुणाला बोलू नका." मी मेकअपरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं.

सध्या एका नव्या नाटकाच्या तालमी चालू आहेत, माटुंग्याला, रोज दुपारी तीन ते नऊ. माझी नाईट आता साडेतीन हजार. निर्माता तरुण आहे, स्वतःची नोकरी सोडून यात पडलाय. पहिल्या वाचनानंतर मी त्याला म्हटलं की तालमीचे पैसे हवेत. तो गप्प झाला. मग लॅपटॉप उघडून त्याने खर्चाचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवला: नेपथ्य, हॉलचं भाडं, जाहिरात, बस. नटांनी असा तक्ता पाहिला हेच आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत पहिल्यांदा घडत होतं. ज्येष्ठ नटाने चष्मा लावून जाहिरातीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे एवढे लागतात?" अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी ठरलं की तालमीच्या दिवसाचे ३०० रुपये, सगळ्यांना सारखे, बॅकस्टेजच्या दोन मुलांनाही, आणि आठवड्याच्या आठवड्याला. डोंबिवली-माटुंगा पास काढून आणि बाहेर एकदा जेवून त्यातले थोडे उरतात. पहिला शुक्रवार झाला, पैसे आले. दुसऱ्या शुक्रवारी तो म्हणाला सोमवारी देतो, आणि सोमवारी दिले.